हिरव्या पडद्याची कैफियत

आमच्या बँकेतला कॉम्प्युटर म्हातारा झाला, ही बातमी मला प्रथम एका पंचवीस-सव्वीस वर्षांच्या मुलाकडून कळली. मुलगा चुणचुणीत, गळ्यात ओळखपत्राची निळी पट्टी, हातात लाल ठिपका पाडणारी पेन्सिलीएवढी बॅटरी. कुठल्याशा सल्लागार कंपनीनं त्याला आमच्या हेड ऑफिसात पाठवलं होतं. त्यानं सभागृहातले दिवे घालवले, भिंतीवर आमच्या काउंटरच्या स्क्रीनचा फोटो टाकला (काळी पाटी, तिच्यावर हिरवी अक्षरं) आणि डॉक्टरनं एक्स-रे वर धरून नातेवाइकांकडे बघावं तसं आमच्याकडे बघितलं. मग त्या फोटोवर तांबडी फुली आली. शेजारी दुसरा फोटो आला. त्यात पांढरंशुभ्र पान, गोल कोपऱ्यांची बटणं आणि खाली एक हसरं कुटुंब. ते कुटुंब कशाला हसत होतं देव जाणे. मी बावीस वर्षं बँकेत काढली, पण खात्यातली शिल्लक बघून इतकं हसलेलं कुटुंब माझ्या पाहण्यात नाही.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण तेवढ्यात समोशांचा ट्रे आत आला होता. जे बोलायला हवं होतं ते मला नेहमीप्रमाणे परतीच्या लोकलमध्ये सुचलं. लोकलमध्ये सुचलेलं ऐकून घ्यायला कुणी नसतं, म्हणून हा कागदाचा उपद्व्याप.

एक खुलासा आधीच करतो. मी कारकून आहे, प्रोग्रॅमर नव्हे. बी.कॉम., सेकंड क्लास. पण तीन वर्षांपूर्वी साहेबांनी मला ‘यूजर कमिटी’वर घातलं. यूजर कमिटी म्हणजे नवा प्रोग्रॅम आला की तो बिघडवून दाखवणाऱ्या माणसांची समिती. ‘तुम्हाला सहज जमेल,’ असं साहेब म्हणाले. ही स्तुती होती, असं मी घरी सांगितलं. सौ. फक्त ‘हं’ म्हणाली. तेव्हापासून आठवड्यातले दोन दिवस मी कॉम्प्युटर विभागात मामांच्या शेजारी बसतो. मामा नक्की कुणाचे मामा, हे बँकेत कुणालाच ठाऊक नाही. चेअरमनसुद्धा त्यांना मामाच म्हणतात. आमचं यंत्र बँकेत आलं त्या दिवशी त्याला नारळ मामांनीच फोडला होता आणि खोबरंही बहुतेक त्यांनीच खाल्लं होतं.

तर त्या मुलाचं पहिलंच वाक्य होतं, ‘सर, तुम्ही १९८८चं यंत्र वापरताय.’

हे अर्धसत्य आहे, आणि अर्धसत्याची गंमत अशी, की ते खोडायला पूर्ण तासभर लागतो. आयबीएम कंपनीनं एएस/४०० नावाचं यंत्र २१ जून १९८८ रोजी जाहीर केलं, हे खरं. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात रोचेस्टर नावाचं गाव आहे, तिथं ते घडलं. (भारतात ते उशिरा आलं, कारण आयबीएमनं १९७८ साली इथला गाशा गुंडाळला होता आणि १९९२ साली टाटांचा हात धरून ती परत आली.) याला मिडरेंज म्हणतात. म्हणजे मोठ्या बँकांच्या वातानुकूलित तळघरात बसणाऱ्या मेनफ्रेमएवढं अगडबंब नाही आणि टेबलावरच्या पीसीएवढं किरकोळही नाही. थोडक्यात, मध्यमवर्गीय. दोन खोल्यांत राहणारं, पण सगळं घरच्या घरी असणारं. डेटाबेस वेगळा विकत आणायला नको, तो अंगचाच, कुलपं अंगचीच, वेबचा सर्व्हरसुद्धा अंगचाच. शेजारी वाटी घेऊन जायची पाळी त्यावर क्वचित येते.

पुढं त्याची नावं बदलत गेली. २००० साली आयसीरीज, मग आय-फाइव्ह, २००६ साली सिस्टिम आय आणि २००८पासून नुसतंच आयबीएम आय. पण व्हीटीचं नाव दोनदा बदललं तरी टॅक्सीवाल्याला ‘व्हीटी’ म्हटलं की कळतं, तसं मामा अजूनही ‘फोर हंड्रेड’च म्हणतात.

आता अर्धसत्याचा उरलेला अर्धा भाग. यंत्राचं लोखंड १९८८चं नाहीच. ते किती वेळा बदललं याची नोंद फक्त आमच्या स्टोअरकीपरकडे असेल. या यंत्राच्या कारागिरांनी पहिल्यापासून एक शहाणपणा केला होता: प्रोग्रॅम थेट लोखंडाशी बोलायचाच नाही, मध्ये एक ठरलेली भाषा, तिच्याशीच बोलायचं. त्यामुळे १९९५ साली आतला सबंध प्रोसेसर, अठ्ठेचाळीस बिटांचा काढून चौसष्ट बिटांचा बसवला, तेव्हा बहुतेक जुने प्रोग्रॅम पुन्हा न लिहिता त्याच्यावर चालू लागले. यंत्रानंच ते आपले आपण नव्या भाषेत उतरवून घेतले. म्हणजे इमारत पाडून नवी बांधली आणि भाडेकरूला एक दिवससुद्धा ट्रान्झिट कॅम्पात जावं लागलं नाही. मुंबईत रीडेव्हलपमेंटमध्ये अडकलेल्या वाचकांनी हे वाक्य पुन्हा वाचू नये. त्रास होईल.

तेव्हा ‘जुनं’ म्हणायचं असेल तर यंत्राला म्हणू नका. जुने आहेत ते आमचे प्रोग्रॅम. आणि इथं मी त्या मुलाला अगदी मोकळेपणानं एक गुण देतो.

आमचे प्रोग्रॅम आरपीजी नावाच्या भाषेत आहेत. ही भाषा १९५९ची. भोकं पाडलेल्या कार्डांवर काम करणाऱ्या लोकांसाठी ती काढली. जुन्या आरपीजीत कुठलं अक्षर कितव्या रकान्यात पडलं, यावर अर्थ ठरतो. सहाव्या रकान्यात ‘सी’ असेल तर ती आकडेमोडीची ओळ, ‘एफ’ असेल तर फाइलीची. सातव्यात फुली मारली की ती ओळ यंत्रानं वाचायची नाही. अक्षर एक घर सरकलं की काम बिघडलं. सोवळ्यातल्या स्वयंपाकासारखं आहे हे. नावं सहा अक्षरांत बसवायची. आणि त्यावर कडी म्हणजे इंडिकेटर. एक ते नव्याण्णव क्रमांकांचे दिवे असतात म्हणा. प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं असतं: एकतीस चालू आणि सत्तेचाळीस बंद असेल तर व्याज लावा. एकतीस म्हणजे काय? मामांना ठाऊक. सत्तेचाळीस म्हणजे काय? मामा चष्मा काढतात आणि पुसू लागतात.

ही पद्धत फेकून द्यायला माझी काही हरकत नाही. पण आरपीजी म्हणजे एवढंच, असं कुणी म्हणालं तर त्यानं १९५९ नंतरचं वर्तमानपत्र वाचलेलं नाही. १९९४ साली तिची चौथी आवृत्ती आली, २००१ साली आकडेमोड मोकळ्या ओळीत लिहिता येऊ लागली आणि २०१३ सालापासून जाहीरनामेसुद्धा. आज ती रकान्यांशिवाय, पूर्ण शब्दांत, कुठल्याही चारचौघींसारखी लिहिता येते. आमच्याकडे ती अजून नऊवारीत आहे, हा दोष तिचा नव्हे. नवं लुगडं घेऊन द्यायला कुणी गेलंच नाही.

आता पडद्याकडे येतो. चोवीस ओळी, ऐंशी रकाने. त्या मुलाला हा पडदा ‘भीतिदायक’ वाटला. त्यानं आमच्या काउंटरवरच्या काकू पाहिल्या असत्या तर बरं झालं असतं. पेन्शनच्या दिवशी रांग जिन्यापर्यंत जाते. काकू उजव्या हातानं आकडे मारतात, करंगळीनं ‘फील्ड एक्झिट’ दाबतात, डाव्या हातानं पासबुक सरळ करतात आणि समोरच्या आजोबांना विचारतात, ‘गुडघा काय म्हणतो?’ त्यांची नजर स्क्रीनवर नसतेच. पुढचा पडदा यायच्या आत त्यांनी त्याच्यावरचे आकडे मारलेले असतात आणि यंत्र ते निमूटपणे रांगेत लावून घेतं. एफ-थ्री म्हणजे बाहेर, एफ-ट्वेल्व्ह म्हणजे एक पायरी मागं, एफ-फोर म्हणजे यादी. सगळ्या पडद्यांवर तेच. आणि यादी संपली की कोपऱ्यात चक्क ‘बॉटम’ असं लिहून येतं. संपलं म्हणून सांगणारी वस्तू आजकाल मिळते कुठं? माझ्या मुलाच्या फोनवर बोटानं कितीही ढकला, तळ म्हणून लागत नाही.

गेल्या श्रावणात प्रयोग म्हणून आमच्या शाखेत नवं पान बसवलं. तेच काम, पण आता काकूंना माउस घ्यावा लागला. नाव शोधा, क्लिक. खातं निवडा, क्लिक. मध्येच ‘आपणास खात्री आहे का?’ असं पान विचारतं. तीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला! काकूंनी त्याला तोंडानं उत्तर दिलं, ते इथं छापत नाही. प्रत्येक क्लिकनंतर एक चक्र गोल गोल फिरायचं आणि आजोबा त्याच्याकडे गिरणीत दळण टाकून बसल्यासारखे बघत राहायचे. त्या दिवशी दुपारी अडीच वाजता रांग जिना उतरून फुटपाथवर आली होती. एक आजी पायरीवरच बसल्या. आम्ही त्यांना खुर्ची आणि पाणी दिलं, आणि साहेबांनी प्रयोग ‘यशस्वीपणे पूर्ण झाला’ असा रिपोर्ट वर पाठवला.

वेबवर हे असंच असावं लागतं का? मुळीच नाही. टॅबनं चौकटी कुठल्या क्रमानं येतात ते ठरवता येतं, एंटरला काम देता येतं, एफ-कळा ऐकता येतात आणि दर वेळी सगळं पान नव्यानं न आणता नुसते आकडे आणता येतात. पण त्यासाठी काकूंच्या शेजारी अर्धा दिवस स्टूल टाकून बसावं लागतं. ते कोटेशनमध्ये नव्हतं.

आता खरं दुखणं. त्या कंपनीनं आमच्या प्रोग्रॅमला हातच लावला नव्हता. त्यांनी काय केलं, तर हिरव्या पडद्यासाठी यंत्र जो मजकूर पाठवतं तो मधल्या मध्ये वाचायचा आणि त्याच्या चौकटीच्या जागी चौकट, एफ-थ्रीच्या जागी बटण, असं रंगवून पान करायचं. चाळीला पुढून काच लावायची आणि ‘टॉवर’ म्हणायचं. चाळीतला संडास तिथंच.

यात काय होतं ते सांगतो. माझी पहिली दोन वर्षं एका तालुक्याच्या शाखेत गेली. तिथं अजून लेजरं हातानं भरली जात. ‘के’पासून ‘एम’पर्यंतचं लेजर एकाच्या टेबलावर असलं, की दुसऱ्याला त्यातलं पान मिळत नसे. आमचे हेडक्लार्क लेजर उघडून चहाला जात आणि जाताना त्याच्यावर चष्म्याचं घर ठेवत. ते घर उचलायची छाती कुणाची नव्हती. हिरव्या पडद्याचा प्रोग्रॅम तेच करतो: खात्याची नोंद बदलण्यासाठी उघडली की तिच्यावर चष्म्याचं घर ठेवतो. दुसरा कुणी आला तर तो मिनिटभर थांबतो आणि मग चरफडत परत जातो. बँकेच्या चार भिंतींत हे खपतं, कारण घर ठेवून गेलेला माणूस कँटीनमध्ये सापडतो. पण तोच प्रोग्रॅम जेव्हा काचेआडून जगापुढं येतो, तेव्हा खातेदार घरी बसून नोंद उघडतो, दारावरची बेल वाजते, तो लॅपटॉप मिटून भाजीवाल्याकडे जातो. चष्म्याचं घर तसंच. आमच्याकडे त्या रात्री व्याज लावायचा प्रोग्रॅम एका खात्यापाशी येऊन अडला, रागावला आणि बंद पडला. पहाटे साडेतीनला मामांना उठवावं लागलं. खातेदार झोपला होता.

वेबसाठी लिहिताना हे मुळातूनच बदलावं लागतं. नोंद वाचायची ती घर न ठेवता. वाचताना शेवटचा बदल कधी झाला ती वेळ जवळ ठेवायची. खातेदार ‘सेव्ह’ म्हणेल तेव्हा क्षणभर नोंद धरायची, ती वेळ अजून तीच आहे का बघायची. असेल तर लिहायचं, नसेल तर नम्रपणे सांगायचं, ‘मधल्या काळात दुसऱ्या कुणी बदल केलाय, पुन्हा बघा.’ बस्स. चार ओळींची गोष्ट. पण काच लावून ती होत नाही. आतली भिंत पाडावी लागते.

तसंच दोनदा दाबण्याचं. चक्र फिरताना माणसाचा धीर सुटतो आणि तो बटण पुन्हा दाबतो. आमच्या एका खातेदाराचं वीजबिल असं दोनदा गेलं. व्हाउचरवर ‘पोस्टेड’ शिक्का मारायची पद्धत का पडली, हे ज्याला कळलं त्याला इथलं औषध कळलं: पान देतानाच त्याला एक क्रमांक द्यायचा आणि डेटाबेसला सांगायचं, की या क्रमांकाची नोंद एकदाच घे. दुसरी आली की तो स्वतःच दारातून परत लावतो. खातेदारानं चौकटीत लिहिलेला मजकूर डेटाबेसच्या हुकमात जसाच्या तसा चिकटवू नये, त्याला स्वतंत्र जागा ठेवावी, हे तर चेकबुकवाल्या कुठल्याही माणसाला कळेल. रकमेच्या आधी जागा सोडली की कुणीतरी तिथं ‘एक लाख’ लिहितोच.

पण माझा खरा संताप पैशावरून आहे. रुपयावरून नव्हे, पैशावरून.

कॅश टॅली होत नाही म्हणून रात्री साडेनऊपर्यंत बसलेल्या माणसांना मी काय म्हणतोय ते कळेल. डिफरन्स एक पैशाचा असला तरी तो डिफरन्स असतो. शंभर रुपयांचा लवकर सापडतो. एक पैशाचा छळतो, कारण तो दोन मोठ्या चुकांनी एकमेकींना मिठी मारून शिल्लक ठेवलेला असू शकतो. आमच्या यंत्रात रक्कम दशमान पद्धतीनंच ठेवली जाते, एका बाइटात दोन आकडे, शेवटच्या अर्ध्या बाइटात अधिक-उण्याचं चिन्ह. जसं आपण पाटीवर लिहितो तसं. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टचा नेहमीचा आकडा मात्र दोनाच्या घातांत मोडलेला असतो, आणि दशांश एक तिथं नेमका मावतच नाही. तिला विचारा, दशांश एक अधिक दशांश दोन किती? ती सांगते: दशांश तीन, त्यापुढं पंधरा शून्यं आणि मग चार. १.००५ रुपये दोन घरांपर्यंत आणायला सांगा. आपल्याला चौथीत शिकवलंय, पाच असेल तर एक वाढवा, १.०१. ती सांगते १.००, कारण तिच्या मनात तो आकडा आधीच पाचापेक्षा केसभर कमी झालेला असतो.

नव्या पानावरचं व्याज आणि पासबुकातलं व्याज यांत पैशाचा फरक येऊ लागला, तेव्हा मी तो त्या मुलाला दाखवला. तो हसून म्हणाला, ‘सर, राउंडिंग आहे. एक पैसा! आजकाल एक पैशाचं नाणं तरी दिसतं का?’

नाणं नाही म्हणून हिशेब नाही? मग देवळातला देव दिसत नाही म्हणून... जाऊ द्या. मुद्दा असा, की पैशाची आकडेमोड ब्राउझरमध्ये करायचीच नाही. ती यंत्रात, दशमानात, एकदाच करायची. पानानं नुसती दाखवायची. ब्राउझरपर्यंत न्यायचीच असेल तर पूर्ण पैशांत मोजून न्या किंवा शब्दासारखी अक्षरं करून न्या. हे न करणाऱ्याला मी आमच्या मार्चअखेरच्या रात्री बॅलन्सिंगला बसवीन. एकच रात्र. पुढं तो जन्मात ‘राउंडिंग’ म्हणणार नाही.

आणि नियम. आमच्याकडे ज्येष्ठ नागरिकाला ठेवीवर अर्धा टक्का जास्त. ज्येष्ठ म्हणजे साठ पूर्ण. हा नियम हिरव्या पडद्याच्या प्रोग्रॅममध्ये होता. पान करणाऱ्यानं तो पानात पुन्हा लिहिला. मोबाइलवाल्यानं मोबाइलमध्ये तिसऱ्यांदा लिहिला, आणि लिहिताना ‘साठ किंवा जास्त’ऐवजी ‘साठपेक्षा जास्त’ लिहिलं. एका ‘किंवा’ची चूक. पण वयाची वर्षं पूर्णांकात मोजतात, त्यामुळे साठीपासून एकसष्टीपर्यंत पुरं वर्षभर माणूस काउंटरवर ज्येष्ठ आणि फोनवर तरुण! एका निवृत्त शिक्षिका बाईंनी ग्रॅच्युइटी फोनवरून ठेवली, कारण आम्हीच फलक लावला होता, ‘रांगेत उभे राहू नका.’ त्यांचा अर्धा टक्का गेला. त्यांनी स्वतः वहीत व्याज काढून आणलं होतं, शाळेत गणित शिकवत. त्यांच्यासमोर मी बी.कॉम. असल्याचं सांगितलं नाही.

याला एकच इलाज. व्याजाचा नियम पडद्याच्या प्रोग्रॅममधून उपसून काढायचा आणि एका जागी, स्वतंत्र, नाव देऊन ठेवायचा. हिरवा पडदा त्यालाच विचारील, पान त्यालाच विचारील, मोबाइल त्यालाच विचारील. ‘सर्व्हिस प्रोग्रॅम’ म्हणतात त्याला. या यंत्रावर ही सोय नव्वदच्या दशकापासून आहे. पानानं हवं तर आधी तपासावं, माणसाचा वेळ वाचतो. पण काउंटरवर सही जुळली म्हणून पास करणारा ऑफिसर डोळे मिटून सही करतो का? अखेरची तपासणी आतच व्हायला हवी.

आमच्या प्रोग्रॅममध्ये मात्र पडदा दाखवणं, तपासणं, हिशेब आणि लिहिणं यांची खिचडी आहे. डाळ-तांदूळ वेगळे करायला दोन शहाणी माणसं आणि दीड वर्ष लागेल, असं मामा म्हणतात. मी हा प्रस्ताव कमिटीत मांडला. सल्लागारांनी विचारलं, ‘दीड वर्षानंतर स्क्रीनवर काय वेगळं दिसेल?’ मी म्हटलं, ‘काही नाही.’ सभागृहात शांतता पसरली. जे दिसत नाही त्याचा फोटो भिंतीवर टाकता येत नाही, आणि ज्याचा फोटो भिंतीवर टाकता येत नाही त्याला बजेट मिळत नाही. माझा सगळा तंटा खरं तर एवढाच आहे. बाकी हिरवा रंग मला काही विशेष प्रिय नाही. बदलून निळा करा.

‘मग सगळंच काढून नवं आणू,’ असं उपाध्यक्षांनी सुचवलं. ही दुसरी तऱ्हा. इंग्लंडमधल्या टीएसबी बँकेनं एप्रिल २०१८मध्ये आपलं सगळं जुन्यावरून नव्यावर एका शनिवार-रविवारात नेलं. यंत्र वेगळं, पण हौस हीच. सोमवारी लाखो खातेदार आपल्याच पैशाच्या दाराबाहेर उभे. घडी पूर्ण बसायला डिसेंबर उजाडला. २०२२ साली तिथल्या नियामकांनी त्यांना ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड केला. हे मी सांगितल्यावर उपाध्यक्ष म्हणाले, ‘आपण तेवढे मोठे नाही.’ म्हणजे दंड कमी होईल, असं त्यांना म्हणायचं असावं.

माझ्या बाजूचं एक पाप मात्र लपवून चालणार नाही. आमच्या जुन्या फाइलींत साल दोन आकडी आहे. या यंत्राची रीत अशी, की दोन आकडी सालाची तारीख वाचताना चाळीस ते नव्याण्णव म्हणजे एकोणीसशे आणि शून्य ते एकोणचाळीस म्हणजे दोन हजार. २००० सालच्या धास्तीत हे कुंपण फार सोयीचं वाटलं होतं. २०४० तेव्हा कुणी बघितलं होतं? पण २०२० साली वीस वर्षांच्या मुदतीनं दिलेलं गृहकर्ज फिटतं २०४० साली, आणि आमच्या एका रिपोर्टात ते १९४० साली फिटलेलं दिसलं. कर्जदाराचे वडीलसुद्धा तेव्हा जन्मले नव्हते. वसुली विभागानं मात्र वाखाणलं. इतक्या आगाऊ परतफेडीची दुसरी नोंद त्यांच्याकडे नव्हती. मामा आता एकेका फाइलीत साल चार आकडी करत बसलेत. हेही भिंतीवर दिसत नाही.

परवा मी त्यांना जाऊन म्हटलं, ‘मामा, मार्चच्या आत निदान ते सत्तेचाळीस काय आहे ते तरी लिहून ठेवा. पुढच्या माणसानं बंद ठेवायचं की चालू?’

मामांनी चष्मा पुसला. म्हणाले, ‘अरे, ते माझ्याआधीच्यानं घातलंय. मीही विचारायचं म्हणत होतो.’

‘मग विचारा की.’

‘ते २००९ साली गेले,’ मामा म्हणाले आणि पुन्हा की-बोर्डकडे वळले.